हिरवे कार्ड आणि घागरीतले पाणी

पिण्याच्या पाण्याचा विषय वर्गात निघाला की खेड्यातला एखादा विद्यार्थी अभिमानाने सांगतो, "सर, आमच्या गावाला हिरवे कार्ड आहे." हा अभिमान गैर नाही. विहिरीभोवतीची घाण काढणे, फुटलेला ओटा बांधून घेणे, टाकी धुणे ही कामे झाल्यावाचून ते कार्ड सहसा मिळत नाही. पण त्याच विद्यार्थ्याने पुढे विचारले, "म्हणजे आमचे पाणी शुद्ध आहे ना?" तर शिक्षकांनी काय सांगावे? आमच्या मते प्रामाणिक उत्तर एकच आहे: नुसत्या कार्डावरून ते सांगता येत नाही. हे उत्तर असे का आहे, आणि विशेषतः जळगाव-धुळे भागात ते का महत्त्वाचे आहे, याची येथे थोडी चिकित्सा करू.

कार्ड नेमके काय मोजते?

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पाण्याच्या स्रोतांचे वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, स्वच्छता सर्वेक्षण होते. विहिरीला कठडा आहे का, हातपंपाभोवती पाणी साचते का, जवळ शौचालय, उकिरडा किंवा गटार आहे का, जलवाहिनीला गळती आहे का, टीसीएल पावडरचा साठा आहे का, पाण्यात ती नियमित टाकली जाते का, असे प्रश्न विचारून गुण दिले जातात. धोका मोठा असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळे आणि कमी असेल तर हिरवे कार्ड मिळते. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड टिकवणाऱ्या आणि साथीपासून मुक्त राहणाऱ्या ग्रामपंचायतीला चंदेरी कार्ड देतात.

या पद्धतीमागचा विचार शास्त्रीय आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. पाण्याचा नमुना त्या क्षणापुरते बोलतो. आज नमुना चांगला निघाला आणि उद्या पाऊस पडून शेजारचे गटार विहिरीत उतरले, तर कालच्या अहवालाचा उपयोग नाही. सर्वेक्षण मात्र धोका घडण्याआधी दाखवते. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही; उघडे डोळे आणि प्रश्नांचा कागद पुरतो. जागतिक आरोग्य संघटनाही स्रोताची पाहणी आणि पाण्याची तपासणी या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्यात, असेच सांगते.

अडचण येथेच सुरू होते. आपल्याकडे या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या जात नाहीत. कार्डाचा रंग भिंतीवर लागतो, तपासणीचा अहवाल फाइलमध्ये जातो. मग लोक रंगालाच अहवाल समजतात. धोका किती आहे, या प्रश्नाचे उत्तर पाण्यात काय आहे, या प्रश्नाचे उत्तर म्हणून वापरले जाते. विज्ञानाच्या भाषेत बोलायचे तर मापनाचे साधन चुकीचे नाही, त्याचे वाचन चुकीचे आहे. तापमापक पाहून कोणी रक्तदाब सांगू लागला तर आपण हसू. येथे मात्र आपण हसत नाही, कारण रंग हिरवा असतो.

रोजचा प्रश्न: क्लोरीन आहे का?

पाण्यातले रोगजंतू मारण्यासाठी गावोगावी टीसीएल वापरतात. हे नाव 'ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम' याचे लघुरूप आहे. साधी ब्लीचिंग पावडर उष्ण हवेत लवकर निकामी होते, म्हणून तिच्यात जादा चुना घालून ती टिकाऊ केली जाते. तरीही ती कायम टिकत नाही. ताज्या पावडरमध्ये वजनाच्या सुमारे ३३ टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. पोते उघडे राहिले, ओल लागली, किंवा मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत पडून राहिले, की हे प्रमाण उतरत जाते. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर निकृष्ट धरतात.

आता एक गणित वर्गात करून पाहावे. विहिरीचा व्यास ४ मीटर आणि आतल्या पाण्याची खोली ३ मीटर आहे. व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले ०.७८५ केले की पाण्याचे घनफळ मिळते: सुमारे ३७.७ घनमीटर, म्हणजे ३७,७०० लीटर. चांगल्या पावडरचे प्रमाण १,००० लीटरला साधारण २.५ ग्रॅम धरतात. म्हणजे या विहिरीला सुमारे ९४ ग्रॅम पावडर लागेल. पावडरची शक्ती निम्मी झाली असेल तर १८८ ग्रॅम लागेल. पाणी गढूळ असेल तर त्याहूनही अधिक, कारण गाळ आणि सेंद्रिय पदार्थ क्लोरीन खाऊन टाकतात. "मूठभर टाकली" या उत्तराला अर्थ नाही, हे विद्यार्थ्यांना या एका गणितात कळते.

पावडर टाकल्यावर किमान अर्धा तास थांबावे लागते आणि त्यानंतरही पाण्यात थोडा मुक्त क्लोरीन उरावा लागतो. हा उरलेला क्लोरीन म्हणजे पुढच्या वाटेवरचा पहारेकरी होय. भारतीय मानक १०५०० प्रमाणे तो लीटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. तो गावात 'ओ.टी. टेस्ट'ने पाहतात. ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते. पिवळे झाले की 'पॉझिटिव्ह', नाही झाले की 'निगेटिव्ह', अशी नोंद वहीत होते.

या नोंदीवर आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला असा की येथे हवा आहे आकडा, आणि आपण लिहितो हो किंवा नाही. फिकट पिवळा आणि गडद पिवळा यांत जो फरक आहे तोच महत्त्वाचा आहे. शिवाय मुक्त क्लोरीनचा रंग पहिल्या काही सेकंदांत वाचावा लागतो. उशीर केला तर अमोनियासारख्या पदार्थांशी जखडलेला, जंतू मारण्यात दुबळा असलेला क्लोरीनही रंग देतो. लोह, मँगेनीज किंवा नायट्राइट यांमुळेही फसवा पिवळेपणा येऊ शकतो. दुसरा आक्षेप रसायनाचाच आहे. ऑर्थोटोलिडिन कर्करोगकारक असल्याचा संशय असल्यामुळे प्रमाणित तपासणीतून ते मागे पडले आणि त्याच्या जागी गुलाबी रंग देणारी डीपीडी पद्धत आली. शाळेत हा प्रयोग करायचा असेल तर डीपीडीच्याच गोळ्या वापराव्यात.

एवढे आक्षेप असूनही रोजची क्लोरीन तपासणी ही गावातली सर्वांत मोलाची तपासणी आहे, असे आम्हांला वाटते. कारण तीच एक आजच्या पाण्याबद्दल आजच बोलते.

उशिरा लागणारा निकाल

जीवाणूंच्या तपासणीत कोलिफॉर्म गटाचे जीवाणू शोधतात. १०० मिलिलीटर पाण्यात ते आढळू नयेत, असे मानक सांगते. हे जीवाणू बहुतेक निरुपद्रवी असतात. पण त्यांतले विष्ठेतून येणारे जीवाणू सापडले की पाण्यात मैला मिसळला असे समजतात. म्हणजे येथे आपण चोराला पकडत नाही, चोराच्या पायाचे ठसे शोधतो. जीवाणू वाढून दिसू लागायला एक ते दोन दिवस लागतात. नमुना तालुक्याला किंवा जिल्ह्याला पोहोचण्याचा वेळ वेगळाच. अहवाल येतो तोवर ते पाणी गावाने पिऊन टाकलेले असते.

ठसे नाहीत म्हणून चोर नाही, असेही म्हणता येत नाही. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात दिल्लीत काविळीची मोठी साथ आली. यमुनेतून पाणी उचलण्याच्या जागी नजफगढ नाल्याचे सांडपाणी मागे सरकून शिरले होते. जलशुद्धीकरण केंद्राने क्लोरीनची मात्रा वाढवली. तिचा परिणाम असा झाला की विषमज्वर आणि आमांश यांची साथ आली नाही, पण काविळीचे सुमारे २९ हजार रुग्ण झाले. जीवाणू मेले, पण गढूळ पाण्यातला विषाणू निसटला. पुढे हिपॅटायटिस-ई विषाणूची ओळख पटल्यावर ही साथ त्याचीच होती, हे स्पष्ट झाले. जीवाणूंची परीक्षा पास झालेले पाणी विषाणूंच्या परीक्षेत नापास होऊ शकते, हे त्या साथीने भारताला शिकवले.

नळाच्या वाटेवर

हे झाले खेड्याचे. शहरात कार्ड नसते, पण भ्रम तोच असतो. जळगाव शहराला वाघूर धरणाचे पाणी मिळते, भुसावळला तापीचे, तर धुळ्याला नकाणे व डेडरगाव तलावांचे आणि तापी योजनेचे. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी तपासलेले असते. पण खानदेशातल्या शहरांना नळाला पाणी दिवसाआड, तीन-चार दिवसांनी, आणि उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा येण्याची सवय झालेली आहे. या सवयीचे भौतिकशास्त्र लक्षात घेतले पाहिजे.

नळात सतत दाब असेल तर पाणी भेगेतून बाहेर गळते. पाणी वाया जाते, पण ते शुद्ध राहते. पुरवठा बंद झाला की जलवाहिनी रिकामी होऊ लागते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. मग त्याच भेगेतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. जलवाहिनीशेजारी गटार असेल तर आत काय जाते, हे सांगायला नको. नळाला थेट मोटार लावली तर हा उलटा दाब आणखी वाढतो. पुढे तेच पाणी टाकीत, पिंपात आणि माठात पाच-सहा दिवस राहते. तेवढ्या काळात उरलेला क्लोरीन उडून जातो. माठात हात बुडाला की पहारेकरी नसलेल्या घरात पाहुणे शिरतात.

म्हणून नमुना केंद्रावरचा घ्यायचा की शेवटच्या गल्लीतल्या नळाचा, हा तांत्रिक तपशील नाही. उत्तर कोणते हवे आहे, त्यावर ते ठरते. आजारी पडणारे मूल शेवटच्या गल्लीत राहते.

जळगावचा न दिसणारा प्रश्न

आतापर्यंत आपण जंतूंचे बोललो. कार्ड, टीसीएल, ओ.टी. आणि कोलिफॉर्म ही सारी व्यवस्था जंतूंसाठी उभी आहे. कॉलरा, विषमज्वर आणि अतिसार यांनी घेतलेले बळी पाहता ते योग्यच होते. पण जळगाव जिल्ह्याच्या भूजलात आणखी एक गोष्ट विरघळलेली आहे, आणि तिला रंग, वास किंवा चव नाही. ती म्हणजे नायट्रेट.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालात देशभरातल्या सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट लीटरमागे ४५ मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा अधिक आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ३६ टक्के होते. देशातले नायट्रेटचा प्रश्न अधिक गंभीर असलेले १५ जिल्हे अहवालाने वेगळे काढले आहेत. त्यांत महाराष्ट्रातले वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, यवतमाळ आणि जळगाव असे ७ जिल्हे आहेत. हे नमुने निरीक्षणासाठी निवडलेल्या विहिरींचे आणि कूपनलिकांचे असतात. ती प्रत्येक जागा पिण्याचीच असते असे नाही, हे येथे सांगितले पाहिजे. पण आपली पिण्याची विहीर त्याच जमिनीत खोदलेली आहे.

हे नायट्रेट येते कोठून? शेतात टाकलेल्या युरियाचे मातीतले जीवाणू आधी अमोनियम आणि मग नायट्रेट करतात. अमोनियमवर धन विद्युतभार असतो, म्हणून ऋण भाराचे चिकणमातीचे कण त्याला धरून ठेवतात. नायट्रेटवर ऋण भार असतो. त्याला माती धरत नाही. पिकाने उचलले नाही तर ते सिंचनाच्या किंवा पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरते. केळी हे खादाड पीक आहे. एका झाडाला सुमारे २०० ग्रॅम नत्राची शिफारस असते. दीड बाय दीड मीटरवर लागवड केली तर हेक्टरी सुमारे ४,४०० झाडे बसतात, म्हणजे हेक्टरी जवळजवळ ८८० किलो नत्र झाले. संकरित ज्वारीला ते १०० किलोच्या आसपास लागते. यावल, रावेर आणि चोपडा या पट्ट्यात हा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा. तरी सारा दोष केळीच्या बागेवर ढकलू नये. गोठ्याजवळचा उकिरडा, उघडी गटारे आणि विहिरीच्या जवळ खोदलेले शौचालयाचे शोषखड्डे यांतूनही नायट्रेट येते.

याचा धोका सर्वांत जास्त सहा महिन्यांखालच्या, बाटलीचे दूध पिणाऱ्या बाळांना असतो. बाळाच्या पोटात आम्ल कमी असते. तेथे वाढणारे जीवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात. नायट्राइट रक्तातल्या हीमोग्लोबिनमधल्या लोहाचे रूप बदलते, आणि मग त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. बाळाचे ओठ आणि नखे निळसर होतात. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॉ. कॉमली यांनी विहिरीच्या पाण्याशी या आजाराचा संबंध प्रथम दाखवून दिला. बाळाला जुलाब होत असतील तर धोका आणखी वाढतो. म्हणजे जंतू आणि नायट्रेट एकमेकांचे साथीदार होतात. आईच्या दुधात मात्र नायट्रेट फारसे उतरत नाही. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, या सल्ल्याला आमच्या भागात हे आणखी एक कारण आहे.

भारतीय मानकात पाण्याचा कठीणपणा किंवा एकूण विरघळलेले क्षार यांना, दुसरा स्रोत नसेल तर, काही सवलत दिलेली आहे. नायट्रेटच्या ४५ मिलिग्रॅमला अशी सवलत नाही. विहिरीचा कठडा चांगला आहे, टीसीएलचा साठा भरपूर आहे, ओ.टी. रोज पॉझिटिव्ह आहे, म्हणून कार्ड हिरवे आहे. आणि त्याच विहिरीत नायट्रेट ६० मिलिग्रॅम आहे. या दोन वाक्यांत परस्परविरोध नाही. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. कार्डाचा दोष हाच आहे की दुसरे वाक्य लिहायला त्यावर जागा नाही.

उकळण्याचा धडा

येथे थोडी टीका आपण शिक्षकांनी स्वतःवरही करून घ्यावी. "पाणी गाळून, उकळून प्यावे" हा धडा आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आलो. जंतूंसाठी तो बिनचूक आहे. खळखळून उकळी आली की जीवाणू आणि विषाणू मरतात. पण उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाण्याची वाफ होते आणि नायट्रेट मागे राहते. १० लीटर पाण्यात लीटरमागे ६० मिलिग्रॅम, म्हणजे एकूण ६०० मिलिग्रॅम नायट्रेट आहे. उकळून ८ लीटर पाणी उरले तर तेच ६०० मिलिग्रॅम ८ लीटरमध्ये आले. लीटरमागे ७५ मिलिग्रॅम झाले! बाळासाठी काळजीने बराच वेळ उकळलेले पाणी अशा गावात अधिक धोक्याचे ठरते. तुरटी, फडके, कँडल फिल्टर आणि अतिनील किरणांचा दिवा यांतल्या कशानेही नायट्रेट निघत नाही. ते आर.ओ. यंत्राने निघते, पण त्यात बरेच पाणी वाया जाते.

तेव्हा "उकळलेले पाणी शुद्ध असते" हे वाक्य बदलून "उकळलेल्या पाण्यात जिवंत रोगजंतू नसतात" असे शिकवावे. वाक्य थोडे लांबते, पण खरे होते.

किती खाती, किती वह्या

मग हे सारे एकत्र पाहणारे कोणी नाही का? माणसे पुष्कळ आहेत. १९९२च्या ७३व्या घटनादुरुस्तीनंतर पिण्याचे पाणी हा पंचायतींच्या विषयांत आला. गावात पाणी सोडते ग्रामपंचायत, टीसीएल टाकतो आणि नमुना घेतो जलसुरक्षक, पाहणी करतो आरोग्य कर्मचारी. योजना बांधते जिल्हा परिषदेचा पाणीपुरवठा विभाग किंवा महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, भूजलाची तपासणी करते भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने यांत आणखी एक चांगली भर घातली. गावातल्या पाच महिलांना तपासणीच्या पेटीचे प्रशिक्षण द्यायचे ठरले. या पेटीत क्लोरीनबरोबर नायट्रेटचीही चाचणी असते. स्रोतांची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जीवाणू तपासणी दोनदा व्हावी, असेही मिशनचे निकष सांगतात.

म्हणजे साधने आहेत, माणसे आहेत, निकषही आहेत. पण प्रत्येकाची वही वेगळी आहे. आणि मानक १०५०० हे सार्वजनिक नळयोजनेवर कायद्याने बंधनकारक नाही. नायट्रेट ६० निघाले तर कोणी, किती दिवसांत, काय करायचे आणि लोकांना कोणी सांगायचे, हे गावातल्या कोणालाही नेमके ठाऊक नसते. शिवाय पाणी सोडणारा, नमुना घेणारा आणि वही लिहिणारा हात एकाच ग्रामपंचायतीचा असतो. कार्ड हा सन्मान झाला की लाल रंगाची भीती वाटू लागते. भीती वाटणाऱ्या हाताने लिहिलेली वही नीट वाचावी लागते.

ही शंका आम्ही उगाच घेत नाही. कॅनडातल्या वॉकर्टन या जेमतेम पाच हजार वस्तीच्या गावाची हकिगत जगाच्या पाणीपुरवठ्याच्या इतिहासात नोंदलेली आहे. मे २००० मध्ये तेथे जोराचा पाऊस झाला आणि शेजारच्या शेतातले शेण एका उथळ विहिरीत उतरले. ई. कोलायच्या घातक जातीची आणि कॅम्पिलोबॅक्टरची लागण होऊन सुमारे २,३०० लोक आजारी पडले, ७ जण दगावले. चौकशीत दिसले की क्लोरीन नीट टाकला जात नव्हता आणि वहीत मात्र रोज ठरावीक आकडे लिहिले जात होते. पाणी दूषित असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल पाणीपुरवठा कार्यालयात पोहोचला होता, पण तो आरोग्य अधिकाऱ्यांना कळवला गेला नाही. ते विचारत होते तेव्हा "पाणी ठीक आहे" असेच उत्तर मिळत होते. श्रीमंत देश होता, प्रयोगशाळा होती, कायदेही होते. दोन वह्यांमधले अंतर मात्र कोणी ओलांडले नाही.

आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिलाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत हाच कॅम्पिलोबॅक्टर सापडला, आणि मग सर्वांचे लक्ष विहिरीकडे आणि तिच्या पाण्यातल्या क्लोरीनकडे गेले. ते आधी जायला हवे होते.

कार्डाच्या पाठीवर

कार्ड रद्द करा, असे आमचे म्हणणे नाही. ते राहू द्यावे. फक्त त्याच्या पाठीची कोरी जागा वापरावी. तेथे चार ओळी पुरेशा आहेत. शेवटच्या नळाला आज क्लोरीन किती, टीसीएलची शक्ती किती टक्के व ती कधी तपासली, मागच्या जीवाणू तपासणीची तारीख व निकाल, आणि मागच्या रासायनिक तपासणीतले नायट्रेट किती. प्रत्येक ओळीत आकडा आणि तारीख हवी. रंग नको. हा फलक जिथे लोक पाणी भरतात तिथे हवा, आणि नायट्रेट ४५च्या वर असेल तर "तान्ह्या बाळासाठी हे पाणी वापरू नये" हे वाक्य त्यावर मोठ्या अक्षरांत हवे. त्याबरोबर त्या घरांना दुसऱ्या स्रोताचे पाणी कोण देणार, हेही लिहिलेले हवे.

शासनाने हे करेपर्यंत शाळेने थांबण्याचे कारण नाही. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना शाळेच्या नळाचा क्लोरीन महिनाभर रोज एकाच वेळी मोजू द्यावा आणि त्याचा आलेख भिंतीवर लावावा. गावातल्या प्रशिक्षित भगिनींना तपासणीची पेटी घेऊन वर्गात बोलवावे. त्या आपल्या विद्यार्थ्यांच्याच आया आणि मावश्या असतात. गावाचा रासायनिक अहवाल ग्रामपंचायतीकडे मागावा आणि त्यातला प्रत्येक आकडा मानकाशी ताडून पाहावा. एखादा आकडा मर्यादेबाहेर दिसला तर तो लपवू नये, आणि आरडाओरडही करू नये. ग्रामसभेत तो तारखेसह वाचून दाखवावा.

मग पुन्हा कोणी विद्यार्थी म्हणाला, "सर, आमच्या गावाला हिरवे कार्ड आहे," तर त्याला शाबासकी द्यावी आणि विचारावे, "छान. आणि नायट्रेट किती आहे?" उत्तर माहीत नसेल तर ते शोधायला कोठे जायचे, हे त्याला ठाऊक असले म्हणजे विज्ञानाचा तास वाया गेला नाही असे समजावे.